रुसायची जागा

इफरा पुण्यात दोन वर्षं मार्केटिंग शिकली आणि परत येताना एक गोष्ट डोक्यात पक्की घेऊन आली. गिर्‍हाईक हे एक मशीन असतं, आणि योग्य बटण सापडलं की पाकीट आपोआप उघडतं. तिच्या बापाने, इब्राहिमशेठने, जुन्नरच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं साड्या विकल्या होत्या. त्याचं म्हणणं एवढंच की गिर्‍हाईक माणूस असतं, म्हणून तर ते डोकं खातं. यावरून बापलेकीचं रोज वाजायचं. घरातलं बोलणं दखनी, पण भांडण मात्र मराठीत, कारण मराठीत भांडणाला जोर चढतो, असं बिबिजानचं म्हणजे इफराच्या अम्मीचं निरीक्षण होतं.

वाजायला आणखी एक कारण होतं. नारायणगावला हायवेवर चारमजली शोरूम उघडलं होतं आणि त्यात सरकता जिना होता. घोडेगावपासून ओतूरपर्यंतची लोकं तिथे साडी घ्यायला कमी आणि जिन्यावर चढायला जास्त जायची, पण खाली उतरताना हातात पिशवी असायचीच. दोन हंगामांत इब्राहिमशेठचे निम्मे बस्ते तिकडे गेले. पुण्याला नोकरी करणारा थोरला रिजवान फोनवर एकच पाढा म्हणायचा, की अब्बा, गाळा एखाद्या बँकेला भाड्याने द्या आणि आरामात नमाज पढा. इब्राहिमशेठ हळूहळू त्याच्या बाजूला झुकायला लागला होता. इफराला दुकान हवं होतं. लहानपणी कापडाच्या ठाणांवर झोपून ती मोठी झाली होती आणि त्या जागी बँकेचं एटीएम बसणार हा विचारच तिला सहन व्हायचा नाही.

शेवटी बापाने तोडगा काढला. "मढच्या बाळासाहेबांचा फोन आलाय. त्यांच्या सूरजचं लग्न आहे, मुलगी डिंभ्याची. हा एक बस्ता तू एकटीने बांध. मी दुकानात बसेन, पण तोंड उघडणार नाही. बस्ता बांधला गेला तर गादी तुझी. नाही गेला तर रिजवानला हो म्हणतो."

बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेणं. नवरीचा शालू, नवर्‍याचा सूट, आणि दोन्हीकडच्या आत्या, माम्या, मावश्या, चुलत्या यांच्या मानाच्या साड्या. दोन्ही पक्ष जीप भरभरून येतात, समोरासमोर बसतात, आणि लग्नात जी भांडणं व्हायची ती आधी इथे रंगीत तालीम म्हणून करून बघतात. मढसारख्या गावात तर एका बस्त्यावर पुढच्या दहा बस्त्यांचा रस्ता ठरतो. आणि मढमध्ये हा रस्ता ठरवायची धोंडाबाई. बाळासाहेबांची थोरली बहीण, म्हणजे नवर्‍या मुलाची आत्या. ती ज्या दुकानाबद्दल "बरं हाय" म्हणाली तिथे गाव वर्षभर जायचं. ती नारायणगावच्या जिन्यावर चढली असती, तर इफराच्या दुकानाचा कारभार त्याच दिवशी आटोपला असता.

इफराने तयारी केली ती अशी, की परीक्षकाने पैकीच्या पैकी मार्क द्यावेत. आधी गादी काढून माळ्यावर टाकली आणि सोफे आणले. मधल्या मजल्यावरचं गोदाम रिकामं करून तिथे नवर्‍याकडच्या मंडळींची सोय केली. खाली नवरीकडची मंडळी. दोन्ही पक्ष वेगळे ठेवले की तंटा नाही, तंटा नाही की मन प्रसन्न, मन प्रसन्न की खरेदी जास्त. दाराला काच लावली, एसी लावला, बासरीची मंद धून लावली आणि हवेत मोगर्‍याचा फवारा मारला. चहाऐवजी कोल्ड कॉफी. प्रत्येक साडीवर किमतीची चिठ्ठी, म्हणजे घासाघीस नाही. इब्राहिमशेठ हे सगळं मूग गिळून बघत होता. फवार्‍याने त्याला तीन शिंका आल्या, तेवढंच काय ते त्याचं मत.

पण खरा हुकमाचा पत्ता वेगळा होता. निर्णय घेणारी व्यक्ती ओळखा आणि तिला सगळ्यात आधी खूश करा, असं तिला शिकवलं होतं. तिने बाळासाहेबांना फोन करून आत्याची आवड काढून घेतली. अंजिरी रंग, बारीक नक्षीचा काठ, पदर हलका. तशी साडी शोधायला इफरा स्वतः येवल्याला जाऊन आली. साडी पाहून इब्राहिमशेठची बोटं तिच्यावरून दोनदा फिरली. डोळे बोलले की माल अस्सल आहे. इफराने ती खोक्यात घातली आणि वर लाल रिबीन बांधली.

मंगळवारी सकाळी अकराला मढची जीप गणेश खिंड उतरून आली, पाठोपाठ डिंभ्याची आली. तीसेक माणसं. धोंडाबाई सगळ्यांत आधी उतरली. साठी ओलांडलेली, ताठ, नाकावर माशी बसू न देणारी बाई. इफराने दारातच खोकं तिच्या हातात ठेवलं.

"हे काय गं?"

"आत्या, तुमची साडी. सगळ्यांच्या आधी तुमची."

धोंडाबाईने रिबीन सोडली. साडी अर्धी उलगडली, काठ पाहिला, पदर पाहिला, आत ब्लाउजपीस आहे का तेही पाहिलं. खोड काढायला जागाच नव्हती. आजूबाजूला बघितलं तर सगळी मंडळी आपापल्या मजल्यावर निघाली होती. "बरं," ती म्हणाली आणि वर जाऊन सोफ्याच्या टोकावर बसली.

इफराने मनात स्वतःची पाठ थोपटली. दहा सेकंदांत निर्णय घेणारी व्यक्ती खिशात. तिने बापाकडे पाहिलं. इब्राहिमशेठ छताकडे बघत होता, आणि ज्याला त्याचा चेहरा वाचता येतो त्याला कळलं असतं की हा माणूस आत्ता कोणाचा तरी जनाजा बघतोय.

पहिला तास झक्कास गेला, निदान वरवर तरी. खाली नवरी श्रेया शालू बघत होती, तिची आई आरतीबाई चिठ्ठ्या वाचत होती. वर बाळासाहेब सुटाचं कापड चोळून बघत होते. कोणी ओरडत नव्हतं, कोणी साडी फेकत नव्हतं, कोणी "आमच्या मानाचं काय" म्हणत नव्हतं. बासरी वाजत होती. इतकी शांतता की माणसं कुजबुजत बोलायला लागली. आरतीबाईने तर इफराला हळूच विचारलं, की आमचं काही चुकलंय का. तासाभरात फक्त चार साड्या बाजूला निघाल्या. एरवी एवढ्या वेळात चाळीस निघतात. इफराला वाटलं, एसी जरा जास्त झाला असेल. तिने तापमान दोन अंशांनी वाढवलं.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून मढच्या जीपचा ड्रायव्हर जानकू आत आला. त्याने तंबाखू गालात सरकवली.

"ताई, बाई गाडीत येऊन बसल्यात. म्हनत्यात, नारायणगावला चल. मी म्हनलं, थांबा, क्यान भरून डिझेल आनतो. पन मला डिझेल आनायला लई तर लई अर्धा तास लागंल."

इफराला खरं वाटेना. ती वर धावली. सोफ्याच्या टोकावर खोकं तसंच होतं, साडी नीट घडी करून आत, रिबीनही परत बांधलेली. त्या नीट बांधलेल्या रिबिनीची तिला जास्त भीती वाटली.

जीप दुकानासमोरच उभी होती. धोंडाबाई मधल्या सीटवर, मांडीवर हात ठेवून बसली होती. तोंड पलीकडे.

"आत्या, साडी आवडली नाही का?"

"न्हाई कशाला आवडंल? चांगली हाय."

"दुसरी दाखवू? आणखी भारीतली दाखवते."

"मला काय कमी हाय? घरला साड्या ठेवायला जागा न्हाई."

"वीस टक्के कमी करते. फक्त तुमच्यासाठी."

धोंडाबाईने मान वळवली तेव्हा तिच्या नजरेत जे होतं ते बघून इफरा एक पाऊल मागे सरकली. "मी काय मागायला आले का तुज्या दारात? सवलत द्यायला निगाली. आमी काय तुज्याकडं कदी फुकट नेलं?"

इफराच्या दोन वर्षांच्या शिक्षणात जेवढी बटणं होती तेवढी संपली. विकायचं थांबल्यावर तिला प्रथमच नीट दिसलं. जीपची पलीकडची बाजू मोकळी होती, सावलीची होती, तिकडून वारा येत होता. आणि धोंडाबाई ऊन खात दुकानाच्या बाजूला बसली होती. तोंड पलीकडे होतं खरं, पण जीपच्या आरशात काचेचं दार पूर्ण दिसत होतं.

धोंडाबाईनेच विचारलं, "आत काय चाललंय?"

"खरेदी."

"माजं नाव निगालं का?"

इफरा खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, पण सुचलं नाही. "नाही," ती म्हणाली.

धोंडाबाईचा ताठ चेहरा एकदम म्हातारा झाला. "तासभर झाला मी हितं बसलेय," ती आरशाकडे बघत म्हणाली, "कुनी काच ढकलून बगितलं न्हाई. वरीसभर मी इचारते, कोन जेवलं, कोन न्हाई जेवलं, कुनाला ताप हाय. मला कोन इचारतंय? बस्त्याला तेवडं इचारत्यात. तीस मानसं म्हनत्यात, धोंडे, तुला काय पायजे सांग. तर तू दारातच हातात खोकं दिलंस. म्हन्जे मिटलं. आता मला इचारायचं कारनच उरलं न्हाई."

इफराला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुकान जाईल ही भीती होतीच, पण त्या क्षणी लाज मोठी होती. तिने या बाईला मान दिला नव्हता, मानाची कटकट मिटवली होती. घाईने उरकलं होतं. आणि वरून पक्षांची अशी ताटातूट केली होती की वरच्यांना वाटे आत्या खाली, खालच्यांना वाटे आत्या वर. बाई रुसली होती आणि रुसलेलं दिसायला दुकानात जागाच ठेवली नव्हती.

ती आत गेली. आधी बासरीचा गळा आवळला. मग जिन्याच्या मधोमध उभी राहून, वर-खाली दोन्हीकडे ऐकू जाईल अशा पेठेतल्या आवाजात म्हणाली, "धोंडाआत्या रुसल्यात. गाडीत जाऊन बसल्यात. नारायणगावला निघाल्यात."

वर-खाली सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. मग बाळासाहेबांच्या हातातलं सुटाचं कापड खाली पडलं आणि त्यांच्या चेहर्‍यावर असा आनंद पसरला की सूरजच्या जन्मानंतर तसा कोणी पाहिला नसेल. "रुसली? मंग आदी सांगायचं न्हाई का, पोरी. ह्या टायमाला काय बोलंना म्हनून आमाला वाटलं, बिपी वाढलं का काय हिचं."

सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. तासभर चर्चमध्ये बसल्यासारखी बसलेली माणसं कोल्ड कॉफी टाकून जिन्यावरून धडाधड उतरली. खालची मंडळी त्यांना दारात भिडली. काचेच्या दारावर ढकला लिहिलंय की ओढा याचा शोध घेण्यात कोणी वेळ घालवला नाही, ते दार तसंच उघडं राहिलं आणि एसी पेठेला थंड करत बसला. जीपला तीस माणसांचा गराडा पडला. समोरचा भांडीवाला बाहेर आला, शेजारचा चपलावाला स्टूल घेऊन आला.

समजूत तासभर चालली. बाळासाहेबांनी बहिणीला लहानपणीच्या शपथा घातल्या. सूरजने पाय धरले तर तिने पाय आखडते घेतले. आरतीबाई विहिणीच्या नात्याने हात जोडून म्हणाली, "तुमी न्हाई तर आमी पन उठतो. बस्ताच नको."

"उठा की. मी कुनाला धरलंय?"

शेवटी श्रेया पुढे झाली. ती आयटीआय झालेली, तोंडाची फटकळ मुलगी होती. "आत्या, तुम्ही नाही आलात तर मी शालू घेणार नाही."

"नको घेऊ. गाऊन घालून बोहल्यावर उभी र्‍हा."

"र्‍हाते. आणि कोणी विचारलं की सांगते, आत्यांनी सांगितलं."

धोंडाबाईच्या ओठाचा कोपरा हलला. हलला हे तीसही माणसांनी पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम न पाहिल्यासारखं केलं, कारण या कामाचेही काही नियम असतात. "त्या दबत्या सोफ्यावर मी बसायची न्हाई," ती म्हणाली. "गुडगं वर येत्यात."

इफराने नोकरांना माळ्यावर पिटाळलं. गादी खाली आली, पांढरी चादर पडली, सोफे भिंतीला उभे राहिले. मढवाले एका अंगाला, डिंभेवाले समोर, मधे धोंडाबाई. चहा आला. इफराने किमतीच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, पदर खोचला आणि गादीच्या कडेला बसून साड्या फेकायला सुरुवात केली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण बापाला बघत बघत हाताला माहीत होतं. साडी अशी फेकायची की ती वार्‍यावर उघडली पाहिजे.

धोंडाबाई रंगात आली. पहिली साडी हिरवी म्हणून गेली, दुसरी फारच हिरवी म्हणून. तिसरीचा काठ तिला मच्छरदाणीसारखा वाटला. चौथी नेसली तर जावेला आनंद होईल, म्हणून नको. प्रत्येक नकाराबरोबर समोरच्या पक्षातून हळहळ उठायची आणि त्या भरात दुसर्‍या कोणाची तरी साडी पसंत व्हायची. ढीग वाढत गेला. सदतीस साड्या नाकारून झाल्या तेव्हा इफरा थांबली. तिने वरून आणून पाठीमागे ठेवलेलं खोकं गुडघ्याने आणखी मागे सारलं.

"आत्या, संपल्या. एक आहे, पण ती नाही दाखवत."

"का?"

"तुम्हाला नाही आवडायची."

"माजं आवडनं-नावडनं तू ठरवनार? दाव."

"राहू द्या. उगाच परत रुसाल."

"दाखव गं बाई," तीस माणसं एका सुरात म्हणाली.

रिबिनीशिवाय, खोक्याशिवाय, अंजिरी साडी हवेत उघडली आणि धोंडाबाईच्या मांडीवर पडली. सकाळचीच ती. सगळ्यांच्या माना पुढे आल्या. धोंडाबाईने काठ पाहिला, पदर पाहिला, ब्लाउजपीस पाहिलं, सगळं नव्याने, सगळ्यांना दिसेल असं. मग इफराकडे बघत म्हणाली, "ही आदी दावायला काय झालं व्हतं?"

"चुकलं, आत्या."

"चुकलं तर चुकलं. शिकशील."

चारच्या सुमाराला शालूला हळदकुंकू लागलं, नारळ ठेवला गेला आणि बस्ता बांधून झाला. गाठोडी जीपच्या टपावर चढली. निघताना धोंडाबाईने पेठेला ऐकू जाईल असं "बरं हाय दुकान" म्हटलं, आणि जानकूने लगेच आपल्या पुतणीच्या लग्नाची तारीख सांगून टाकली.

इफरा उड्या मारायच्या बेतात आत वळली. इब्राहिमशेठ गल्ल्यामागून उठला. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता, दिलेला शब्द त्याने तंतोतंत पाळला होता. आता बोलायला हरकत नव्हती, तरी तो बोलला नाही. त्याने किल्ल्यांचा जुडगा गादीवर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. इफराला वाटलं, नमाजला गेले असतील. तिने रिजवानला फोन लावला, त्याची यथेच्छ खोडी काढली, नोकरांना घड्या घालायला बसवलं, मोगर्‍याचा फवारा केराच्या टोपलीत टाकला. तास गेला.

मग तिची नजर समोर गेली. भांडीवाल्याच्या पलीकडे चहाची टपरी होती. तिच्या बाकावर इब्राहिमशेठ बसला होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. तोंड पलीकडे, भिंतीकडे.

ती रस्ता ओलांडून गेली. "अब्बा, चला ना."

"मला काय काम आहे तिकडे? दुकान तुझं."

"असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतो. आज दिवसभर दुकानात तीस माणसं होती. एकानेही विचारलं नाही की शेठ, तुम्ही का गप्प." त्याने थंड चहाचा कप अर्धा इंच सरकवला. "चांगलं झालं. छान बांधलास बस्ता. जा तू, गिर्‍हाईक येईल."

न विचारणार्‍या त्या तिसांत इफरालाही धरायला हवं होतं, किंबहुना सगळ्यांत आधी. जिंकायच्या नादात तिने त्याच्याकडे पाहिलं होतं ते फक्त आपण बरोबर आहोत का हे बघायला. तिच्या ओठांवर अब्बा, माफ करा, असं आलं होतं, पण तिने ते गिळलं. एकटीने, टपरीवर, दोन वाक्यांत हे उरकायचं नव्हतं. ती परत फिरली आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर, घरात गेली.

बिबिजान पोळ्या लाटत होती. इफराने सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "अम्मी, चल. भांडीवाल्या काकांना घेऊ, नोकरांना घेऊ, रिजवानला व्हिडिओवर घेऊ. सगळे जाऊ."

बिबिजानने खिडकीतून खाली वाकून बघितलं. "कधीचे बसलेत?"

"तास झाला."

"मग इतक्यात नको," बिबिजान पोळी तव्यावर टाकत म्हणाली. "अजून अर्धा तास जाऊ दे. लवकर गेलो तर त्यांना वाईट वाटेल."

इफरा खिडकीत उभी राहिली. खाली इब्राहिमशेठने भिंतीकडची मान थोडी वळवून दुकानाच्या दाराकडे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे केली.